मेजर कोळीला थांबवलेले चार महिने

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमची पलटण उत्तरेला बर्फात तैनात होती. मी डोंबिवलीचा, मेजर दत्ता कोळी ठाण्याच्या कोपरीचा. रँक एकच, पण नियमांतला किडा मी. पेन्शनबद्दल काही अडलं की ऑफिसर माझ्याकडे येत, आणि मला त्याची मिजास होती.

एका दुपारी दत्ता बंकरमध्ये आला.

"अरे, आई अंथरुणाला खिळलीय. सुमन एकटी किती करणार? नोकरी सोडायचे पेपर टाकतो."

सुमन त्याची बायको. मी कागद ओढला. ऑफिसरची वीस वर्षं सर्व्हिस भरल्याशिवाय पेन्शन नाही. आधी गेलात तर ग्रॅच्युइटी घ्या आणि चालू पडा. वीस भरली की शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराचं निम्मं, तेही पूर्ण मिळायला तेहतीस वर्षं लागतात. कमी असतील तर रँकप्रमाणे काही वर्षं वर धरून त्या प्रमाणात देतात. मी त्याच्या कमिशनच्या, म्हणजे ऑफिसर झाल्याच्या, तारखेपासून मोजलं.

"चार महिने कमी पडतात. थांब."

"नक्की?"

"मूर्खपणा करू नकोस."

तो थांबला.

तीन आठवड्यांनी सकाळी ०६४० ला तो गस्तीची तुकडी घेऊन पुढच्या पोस्टकडे निघाला. ०९१० ला वायरलेस सेटवर आवाज आला.

"बर्फाचा कडा कोसळला. कोळी साहेब गाडले गेलेत. ओव्हर."

"खणत राहा. मी निघतोय. ओव्हर."

१४२० ला तो सापडला. श्वास नव्हता.

वहिनींना फॅमिली पेन्शन मिळालं, ड्यूटीवरच्या मृत्यूच्या नियमाने. त्याला वीस वर्षांची अट नसते.

मी रिटायर होऊन डोंबिवलीत आल्यावर त्या घरी आल्या. मुलीच्या अ‍ॅडमिशनच्या फॉर्मसाठी दत्ताच्या सर्व्हिसचा तपशील भरून हवा होता. मी त्यांनी आणलेले त्याचे कागद उघडले. कमिशनच्या आधी पावणेदोन वर्षं तो फौजेतच साधा शिपाई होता. हे मला ठाऊक होतं. मेसमध्ये त्यावरून आम्ही त्याची चेष्टा करायचो. ती वर्षंही पेन्शनला धरतात, हा नियमही मला पाठ होता. त्या दुपारी त्याची वीस वर्षं केव्हाच भरली होती. माझी मला शिसारी आली.

मी वहिनींना सगळं सांगितलं.

"म्हणजे तेव्हाच येता आलं असतं त्यांना, भाऊजी?"

"हो."

"सासूबाई शेवटपर्यंत विचारत होत्या, दत्ता का थांबला म्हणून."

त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं: मेजर दत्ता कोळी, ड्यूटीवर मृत्यू, सर्व्हिस एकवीस वर्षं पाच महिने. या वेळी तीनदा मोजलं.