आमची अमेरिकन गाडी

आमच्या गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान मी केलं, आणि तेव्हा मला गाडी चालवताही येत नव्हती.

दोन हजार सालच्या आसपास आम्ही शारजात राहत होतो. श्रीकांत, माझा नवरा, इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंत्राटदार कंपनीत परचेस बघायचा. बरीच वर्षं एक खोकणारी जपानी गाडी ओढल्यावर त्याने सेकंडहँड, पण अवाढव्य, पांढरीशुभ्र गाडी घेतली. पुढे झळाळता अमेरिकन शिक्का! मी चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि त्याच दुपारी पुण्याला फोन लावला.

"आई, अमेरिकन गाडी घेतली गं!"

आईने ही बातमी नातेवाइकांत अशी काही फिरवली, की आठवड्याने मावशीचा फोन आला, "मग, अमेरिकेला कधी निघताय?"

पुढे एकदा मागच्या सीटवर सांबार सांडलं. पुसताना दाराच्या चौकटीवरची पट्टी दिसली. त्यावर लिहिलं होतं, ही गाडी ऑस्ट्रेलियात तयार झाली आहे! मी फडकं हातात धरून तशीच बसले. (पहिला विचार: आईला काय सांगू? दुसरा: श्रीकांतला कळलं तर बिचारा खचेल.) मी गप्प राहिले. केवढी समंजस समजत होते मी स्वतःला!

कारण श्रीकांतचे मोठे भाऊ न्यू जर्सीहून यायचे होते. दादा तरुणपणीच अमेरिकेला गेले, हा आईवडिलांपाशी थांबला आणि पुढे शारजापर्यंतच पोचला. तेव्हापासून दर भेटीत दादांचा प्रश्न ठरलेला, "काय रे, अजून तिथेच का?" एकदा तरी दादांच्या शेजारी बरोबरीने बसावं, एवढीच श्रीकांतची इच्छा होती. गाडी त्यासाठीच होती.

एअरपोर्टवर दादांनी गाडीभोवती फेरी मारली. "हे मॉडेल आमच्याकडे कधी दिसलं नाही रे."

"एक्सपोर्टचं आहे, दादा."

"असेल, असेल!"

शुक्रवारी दादांसाठी जेवण होतं. दोन मित्रांची कुटुंबंही आलेली. श्रीखंड-पुरीवर गप्पा रंगल्या आणि दादांना हसवायला श्रीकांतने माझी ड्रायव्हिंग टेस्ट काढली.

"दादा, हिने रिव्हर्समध्ये ड्रम पाडले ते पाडले, वर इन्स्पेक्टरला म्हणते, 'जरा ते बाजूला ठेवा ना!' तो म्हणाला, 'खलास, मॅडम, खलास!' अरे, गाडीतलं ओ की ठो कळत नाही हिला!"

सगळे हसले. दादा तर डोळे पुसायला लागले. माझ्या हातात पुऱ्यांचं ताट होतं आणि डोक्यात तेल तापलं होतं.

"गाडीतलं नसेल कळत. पण लिहिलेलं वाचता येतं मला! तुझी अमेरिकन गाडी ऑस्ट्रेलियाची आहे! दारावर लिहिलंय!"

"काय सांगतेस, मंगल!" दादा पुरी टाकून उठले. "यल्ला, चला खाली!"

उष्ट्या हातांनी आख्खी पंगत भर उन्हात पार्किंगमध्ये! दादांनी वाकून ती पट्टी बातम्या दिल्यासारखी मोठ्याने वाचली. "कांगारू! श्रीकांत, कांगारू बांधलंयस की रे दारात!"

आमची लेक रडकुंडीला आली. "बट बाबा, आय टोल्ड माय होल क्लास!"

श्रीकांतने बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला असणार, पण काढला नाही.

"दादा, युद्धानंतर ऑस्ट्रेलियाने स्वतःची म्हणून पहिली गाडी काढली ना, तिचं मूळ डिझाइन अमेरिकेतलंच होतं. तिकडच्यांनी लहान पडते म्हणून बाजूला टाकलेलं. ऑस्ट्रेलियाने तेच घेऊन आपल्या खडबडीत रस्त्यांवर चालवून दाखवलं. पुढेही ते लांब बॉनेट, ते मोठं आठ सिलिंडरचं इंजिन, सगळं तिकडचं बघूनच. हिची मूळ बॉडी जर्मन आहे. ती ऑस्ट्रेलियाने रुंद केली, इंजिन अमेरिकेचं घातलं आणि इकडे विकताना शिक्काही अमेरिकेचाच लावला."

"तुला हे सगळं माहीत होतं?" दादांनी विचारलं.

"घ्यायच्या आधीपासून."

"मग अमेरिकन, अमेरिकन काय करत होतास?"

श्रीकांतने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हिने पुण्याला आईंना फोन करून सांगितलं होतं. हिला खोटी कशी पाडू?"

तेव्हा मी सॉरी म्हणायला हवं होतं. मी काय म्हणाले?

"अजून श्रीखंड वाढू का?"

दादा निघताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "छान आहे हां तुझं कांगारू." श्रीकांत हसला. पण त्यानंतर त्याने दादांना कधी 'या' म्हटलं नाही, आणि गाडीवरून हात फिरवताना मला तो पुन्हा दिसला नाही. सॉरी अजून राहिलंच आहे. मनातल्या मनात शंभरदा म्हणून झालंय, पण ते त्याला कसं ऐकू जाणार!

आता कुणी विचारलं, "शारजात कुठली गाडी होती हो तुमची?" की मी घाईघाईने ठणकावते, "अमेरिकन!" श्रीकांत शांतपणे म्हणतो, "ऑस्ट्रेलियन." आणि चारचौघांत खोटी पडते मी. पडू दे. माझी फेड अशीच हप्त्याहप्त्याने चालू आहे. गाडीचे हप्ते तरी बिचारे कधीच फिटले!