वाटी वाजव, पोरी

अण्णांचा राग आधी कानांवर दिसायचा. कान लाल झाले की आई गॅस बारीक करायची आणि मी पुस्तक मिटायचे. ते माझे वडील. पण कांदा-बटाटा बाजारातले सगळे हमाल त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून आम्हीही. पोती उचलून खांदे रुंद झालेले, जिभेवर मात्र ताबा नाही.

असेच एकदा ते माझ्या थोरल्या भावाला नको ते बोलून बसले. दादा तळोज्याच्या कारखान्यात होता, तिथेच खोली घेऊन राहिला. आमच्या खांदेश्वरहून तळोजा काही लांब नाही. तरी तो परत आला नाही.

मग अण्णा आपणहून म्हणाले, "दवाखान्यात दाखवू. पोराशी बोलायचं तर आधी हे कान थंड पायजेत."

घरात कॉलेजला गेलेली मी एकटीच, म्हणून सोबत मी जायचे. मला समजलं तेवढं सांगते. कपाळाच्या वर चुंबकाचं यंत्र धरायचे. ते टकटक करायचं. त्याने रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग जागा होतो, असं डॉक्टर मॅडम म्हणायच्या. त्याच वेळी त्या अण्णांना एखादं भांडण आठवायला लावायच्या आणि विचारायच्या, "समोरचा असं वागला, त्याचं दुसरं काय कारण असेल?" हा सराव घरीही करायचा होता.

घरी अण्णांना तो जमेना. "टकटकीबिगर डोकं चालत न्हाय," म्हणाले. मी चमच्याने वाटी वाजवू लागले. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. "वाटीने मेंदूला काही होत नाही. पण वाजव तू."

रोज जेवण झालं की तेच.

"वाटी वाजव, पोरी. दादा फोन उचलत न्हाय. का?"

"तुम्हीच सांगा."

"माज आलाय." टक. "बरं, कामावर असंल." टक, टक. "न्हायतर... भ्या वाटत असंल माझं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. कान लाल नव्हते.

"रविवारी जातो त्याच्याकडं," म्हणाले.

शनिवारी बाजारातच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अण्णांना घरी आणल्यावर दादा आला. जिन्यातच उभा राहिला, आत येईना. आता कशाला आलास, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. कान तापले. हातात वाटी नव्हती, म्हणून बोटाने दाराची चौकट वाजवली. टक, टक. मग त्याच्याजवळ गेले.

"दादा, आत ये. त्यांचे कान बघ. रागावलेले नाहीत."