हातचं की विकतचं

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं लग्न ज्या पोपटी स्वेटरवर जमलं, तो तिनं विणलेला नव्हता. मी विणला होता. ही गोष्ट आम्हा तिघांनाच माहीत होती. आई गेली, आता दोघं उरलो. बायकोलाही मी आजवर सांगितलेलं नाही.

पुण्याच्या नोकरीसाठी मी घर सोडलं त्या दिवशी सेलूच्या स्टँडवर मला निरोप द्यायला सुनंदा सासरहून, आंजीहून आली होती. लग्नाला जेमतेम दीड महिना झालेला. आई माझ्या पिशवीत चिवड्याचा डबा कोंबत होती, बाबा वर्धेची बस कुठली ते विचारायला पुढे गेले होते. तेवढ्यात ती माझ्या कानाशी आली.

"भाऊ, सासूबाई मामाजींसाठी टोपी मागून राह्यल्या. थंडीच्या आधी पाहिजे म्हणते. तू विणून पाठवजो."

"पाठवतो," मी म्हणालो. मामाजी म्हणजे तिचे सासरे. बस लागली. खिडकीतून पाहिलं तर ती हसत होती, काळजी मिटल्यासारखी.

मी विणायला शिकलो तो दहावीच्या वर्षी. विषमज्वराने दोन महिने अंथरुणात होतो आणि आई शेजारी बसून विणायची. बघता बघता सुया माझ्या हातात आल्या. सुनंदाला शिकवायला आई कितीदा बसली, पण त्या पोरीला दहा ओळींचा धीर नव्हता. मी विणायला घेतलं की आई दार लोटून घ्यायची. "बापू, हे सांगजो नको कोणाले. पोरं हसतीन."

आंजीचे पाहुणे मुलगी पाहायला आले तेव्हा आईने रिवाजाप्रमाणे पलंगावर मुलीच्या हातची कामं मांडली. मण्यांचं तोरण, भरतकामाचा टेबलक्लॉथ, आणि मधोमध माझा स्वेटर. होणाऱ्या सासूबाईंनी सगळं सोडून तोच उचलला, उलटा केला, टाके बोटांनी चाचपले. "पोरीच्या हाताले वळण हाय," म्हणाल्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. खोटेपणाची लाज वाटायला हवी होती. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पुण्यात एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. सुया ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पँटमध्ये गुंडाळलेल्या. रोज ठरवायचो, हे तिघे बाहेर गेले की बसू. ते बाहेर गेले की मीही त्यांच्यासोबत जायचो. दिवाळी जवळ आली तशी दुकानातून एक मरून टोपी विकत घेतली, आतलं लेबल ब्लेडने कापलं आणि पार्सल केलं. सुनंदाला पत्रात लिहिलं, काम फार आहे, एवढी वेळ निभावून ने.

तिला निभावता आलं नाही. होळीला घरी गेलो तेव्हा आईने सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावच्या बायका जमल्या होत्या. सासूबाईंनी सुनेचं कौतुक दाखवायला ती टोपी आणली आणि सवयीने उलटी केली. आत मशीनची शिवण. कडेला लेबलचा राहिलेला तुकडा. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"हे तं विकतचं हाय," सासूबाई म्हणाल्या. "मंग तो स्वेटर?"

सुनंदा म्हणाली, "तोही विकतचाच होता."

एवढंच. माझं नाव तिने घेतलं नाही. मी आईला म्हणालो, मी आंजीला जाऊन सांगतो. आईने हात धरला. "आता तू काई बोलजो नको. तुह्यासाठी पोरी पाहून राह्यलो आपण. बायकी हाय म्हनतीन." मला हात धरलेला हवाच होता. त्याच आठवड्यात मी पुण्याला परतलो, तीन वर्षांनी कॅनडात आलो, आणि अंतर हीच सबब झाली.

सुनंदाच्या वाट्याला मात्र एक वाक्य आलं. तिने लोणचं घातलं, पापड लाटले, शेवया केल्या, की सासूबाई विचारायच्या, "हातचं हाय का विकतचं?" आधी त्यात धार होती. मग दिरांनी उचललं, पुढे तिच्याच पोरांनी. त्या घरात ती गंमत झाली. गंमत झाल्यावर तिला चिडायचीही सोय राहिली नाही.

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाला आंजीला गेलो होतो. पंगतीत सुनंदा कुरडया वाढत आली. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई खुर्चीतून ओरडल्या, "काऊन वो, हातच्या हायेत का विकतच्या?" सगळी ओसरी हसली. भाच्याने नव्या व्याह्यांना मरून टोपीची गोष्ट रंगवून सांगितली. ते पोट धरून हसले. आणि मीही हसलो. सुनंदा वाकून माझ्या पानात कुरडई वाढत होती. तिने फक्त वर पाहिलं.

ते पाहणं घेऊन मी परत आलो. इथल्या लायब्ररीत शनिवारी विणणाऱ्यांचा ग्रुप बसतो. आठ बायका आणि मी. पार्किंगमध्ये गाडीत अर्धा तास बसून मग आत गेलो. कोणी हसलं नाही. एकीने सरकून खुर्ची दिली, बस. ज्या हसण्याला भिऊन मी बहिणीला तोंडघशी पाडलं, ते हसणं इथे कोणाच्या मनातही आलं नाही. याचा आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो.

स्वेटर, मफलर केले होते, टोपी कधीच केली नव्हती. गोल सुईवर अठ्ठ्याऐंशी टाके घातले आणि जोडताना पीळ पडला. सहा ओळींनंतर कळलं. उसवलं. दुसऱ्यांदा माथ्याशी टाके कमी करताना हिशेब चुकला. पुन्हा उसवलं. तिसऱ्यांदा शेवटच्या आठ टाक्यांतून दोरा ओवून ओढला आणि माथा मिटला. मरून लोकरीची टोपी. पहिलं काम केलं ते हे, की उलटी करून पाहिली.

रविवारी व्हिडिओ कॉलवर सुनंदाला दाखवली. ती स्क्रीनच्या जवळ आली. मग म्हणाली, "तुहे टाके अजून तसेच घट्ट हायेत."

"आंजीला घेऊन येतो," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर सांगतो."

"मामाजी तं कधीचे गेले. कोणाच्या डोक्यात घालशील?" ती हसली, मग थांबली. "येजो. पण भाऊ, खरं सांग. सांगशील, का मागच्यासारखा हसत बसशील?"

मी टोपीची घडी घालू लागलो. पलीकडे सासूबाईंनी हाक मारली आणि ती उठून गेली.

तुम्ही गावी राहिलेले असा, की माझ्यासारखे निघून गेलेले, घर कुठलं असं विचारलंत तर आता मला सेलू सांगता येत नाही. आईबाबा गेले, घर विकलं. कॅनडातलं घर बायकामुलांचं आहे, मी त्यात राहतो. माझ्यासाठी घर म्हणजे आंजीची ती ओसरी, जिथे मी पाहुणा म्हणून जेवतो आणि गप्प बसतो.

टोपी कपाटात आहे. तिकीट अजून काढलेलं नाही. सासूबाईंना ऐकू येतंय तोवर, त्या ओसरीवर, सगळ्यांसमोर मोठ्याने एक वाक्य बोलणं हे मी सुनंदाचं देणं लागतो: तो पोपटी स्वेटर मी विणला होता.