आधी पाया, मग चूक

धुळ्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हांला नोकरीसाठी तयार करायला एक सर येत. गटचर्चेत दुसऱ्याचा मुद्दा खोडून काढायचा, तोही हसतमुखाने, हा त्यांचा हट्ट. या सरावापायी मी घरात सगळ्यांना नकोशी झाले होते. पण सावद्याच्या केळी पॅकिंग कंपनीतली नोकरी मला हवीच होती.

मुलाखतीच्या दिवशी बाकावर शेजारी पिंपळनेरचा एक मुलगा बसला होता. आमच्याकडे दोन माणसं शेजारी बसली की आधी गाव, मग आडनाव, मग आईचं माहेर. चहा येईपर्यंत तो माझ्या आईचा लांबचा मावसभाऊ निघाला. झालं, तो उठला आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. खानदेशात भाचीचा मान मोठा. मामाने तिच्या पाया पडायचं, तिला दुखवायचं नाही. माझ्याच वयाचा मामा बघून मला हसू आवरेना.

आत गेल्यावर ते हसू पळालं. गटचर्चेचा विषय होता, केळी तशीच विकावी की वेफर्स करावेत. मी वेफर्सच्या बाजूने बोलले. मामा गप्प. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं तर म्हणाला, त्या म्हणतात ते बरोबर आहे. बाकीचे माझ्यावर तुटून पडत होते आणि हा मान डोलावत स्वतःची नोकरी घालवत होता. मला त्याचा भारी राग आला, आणि वाईटही वाटलं. शेवटी मी साहेबांना सरळ सांगून टाकलं की हे आज सकाळपासून माझे मामा लागतात, म्हणून बोलत नाहीत.

साहेब जळगावचेच, भाचीचा मान त्यांनाही ठाऊक. त्यांनी पेन खाली ठेवून मामाला विचारलं, "उद्या कामात हिची चूक झाली, तर सांगाल की नाही?"

 मामा घाबरून थेट घरच्या बोलीवर आला.

"सांगसू ना साहेब. पहिले पाया पडसू, मंग सांगसू."

साहेब खो खो हसले. मामाचीही भीड चेपली आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याने माझ्या वेफर्सचा पार चुरा केला. नोकरी दोघांनाही लागली.

आता सावद्याला आमची टेबलं समोरासमोर आहेत. मामा खुर्चीतून उठून माझ्याकडे वाकत येताना दिसला की अख्खं ऑफिस हसतं, आणि मी निमूटपणे कालचं काम पुन्हा तपासायला घेते.