कोळणीच्या हातात नरकासुराची मूठ

खांद्यावर शिडी घेऊन गौरेश वळला आणि शिडीच्या मागच्या टोकाने कोळणीचा उजवा हात कोपरापासून उडवला.

कोळीण कागद-लाकडाची, दुमजली घराएवढी. गोव्यात जूनमधल्या सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, लोक विहिरीत उड्या मारतात. स्पेनमधल्या आलिकान्ते शहरात त्याच सांजावाला आग लावतात. गल्लीगल्लीत असे पुतळे उभारायचे, मिरवायचे आणि शेवटच्या रात्री जाळून टाकायचे. आपला गोव्यातला दिवाळीचा नरकासुरच, फक्त समुद्रकाठचा.

जाळायचाच होता तर हाताचं एवढं काय? पण सकाळी परीक्षक यायचे होते. शिवाय डिचोलीहून पोर्तुगीज पासपोर्टवर येऊन हॉटेलात कांदे चिरणाऱ्या गौरेशला गल्लीने या वर्षी पहिल्यांदाच पुतळ्याच्या कामाला बोलावलं होतं. आता हात मोडणारा म्हणूनच तो ओळखला जाणार होता. मूर्तिकार दुसऱ्या गावच्या पुतळ्यात गुंतलेला, फोन उचलेना. गल्लीचा प्रमुख विसेन्ते, पेशाने खाटीक, हाताची घडी घालून गौरेशकडे बघत राहिला.

शेजारी खुर्चीवर पाव खात बाबलीमामा बसला होता. मामा गोव्यातल्या साखळी गावचा, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. पावसात खाण बंद, ट्रक ताडपत्रीखाली, म्हणून भाच्याने तिकीट पाठवून बोलावून घेतलेला. दर दिवाळीला वाड्यावरचा, म्हणजे वस्तीचा, नरकासुर मामाच करायचा. "घरात वर्षभर खिळा ठोकत नाही, आणि राक्षसासाठी महिनाभर जेवणखाण विसरतो," असं सुमंगलामामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्याला पहिलं बक्षीस कधी मिळालं नव्हतं. मामाच्या मते परीक्षक नेहमी पलीकडच्या वाड्यावरचे असत.

"मोडला?" मामाने विचारलं.

"मोडला."

"बरं झालं. भारीच बारीक केला होता. वाऱ्यानेसुद्धा गेला असता."

"मामा, मस्करी नको रे. सकाळी परीक्षक येणार."

"मग आधी ती शिडी खाली ठेव. दुसरा हात पण काढशील."

मामा उठला तो बांबू शोधायला. बांबू नव्हता. पण शेजारच्या रेमेदिओस आजीच्या दारात कुंड्या होत्या, कुंड्यांत टोमॅटो, आणि टोमॅटोंना आधाराला बोरूच्या लांब काठ्या.

"आजये, तुज्यो बडयो व्हरतां हां, मागीर परत दितां," म्हणजे काठ्या नेतो, नंतर परत देतो, असं मामाने कोकणीत सांगितलं. आजीने स्पॅनिशमध्ये बरंच काही ऐकवलं. दोघांनी माना डोलावल्या. टोमॅटो भिंतीला टेकले.

मामाने काठ्या चिरल्या, सुतळीने सांगाडा बांधला, आजीच्याच चुलीवर मैद्याची खळ शिजवली आणि जुने पेपर थरावर थर चिकटवत गेला. गौरेश रंग कालवत होता. संध्याकाळी हात कोळणीला बसला आणि गल्ली बघायला जमली.

बोटं केळ्यांएवढी. नखं वाकडी. आणि मधोमध भोक ठेवलेली घट्ट मूठ.

"मामा, ही तलवार धरायची मूठ झाली."

"मग? हात आणखी कसा असतो?" मामा म्हणाला खरा, पण त्याचे कान लाल झाले होते. जन्मभर त्याने एकच हात केला होता, नरकासुराचा.

मुळात कोळीण समोरच्या सुटाबुटातल्या पुतळ्यापुढे हात पसरून उभी होती. तो हॉटेलवाला, किनारा गिळलेला. आता ती मूठ उगारून उभी होती, पण रिकामी. विसेन्ते दोनदा फेरी मारून आला. मग आजीने काठीने कोळणीची टोपली दाखवली. टोपलीत कागदाचा भलामोठा मासा होता.

गौरेश शिडीवर चढला, या खेपेला जपून. माशाची शेपटी भोकात घट्ट बसली. आता कोळीण हॉटेलवाल्याला माशाने बडवायला निघालेली दिसत होती. आधी आजी हसली, मग विसेन्तेचं पोट हललं आणि मग सगळी गल्ली.

तिसरं बक्षीस मिळालं. "पहिले दोन परीक्षकांच्या वाड्यावरचे असणार," मामा म्हणाला.

जाळायच्या रात्री विसेन्तेला तो हात आठवण म्हणून काढून ठेवायचा होता. मामाने मान हलवली. "जाळायला केलेलं जळलंच पाहिजे. राक्षसाचा हात कोण घरात ठेवतं?" आग लागली. अग्निशमनवाल्यांनी रिवाजाप्रमाणे गर्दीवर पाण्याचे फवारे सोडले. "पाऊस चुकवायला आलो होतो रे," मामा निथळत म्हणाला. हॉटेलवाला गेला, कोळीण गेली, मासा गेला. मूठ मात्र ज्वाळांत शेवटपर्यंत वर होती, आणि गल्ली ओरडत होती, "बाबली, बाबली." गौरेश दिसेल त्याला छातीवर हात मारून सांगत होता, माझा मामा, सख्खा.

मामा परतला. काठ्या जळाल्याच होत्या. दर उन्हाळ्यात आजी टोमॅटोंकडे बोट दाखवते, आणि गौरेश साखळीला फोन लावतो.

"सांग तिला, आपल्याकडचा चांगला बांबू धाडतो," मामा म्हणतो. "विमानात घेत नाहीत, माझा काय गुन्हा?"

दुसऱ्या काठ्या लावायला आजी तयार नाही. बाबली देईल, म्हणते. तिचे टोमॅटो अजून भिंतीलाच टेकलेले असतात.