वनिताच्या नावाचं मैदान

पूर्वी पहाटे नळाच्या रांगेतून "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" असा दबका आवाज यायचा. शेजारची छोटी वनिता हंडा भरेपर्यंत एकच दम धरायची. तो आवाज माझ्या कानात राहिला आणि त्याच्याभोवती किस्से जमत गेले. आमच्या भांडुपच्या टेकडीवर पाणी चढत नाही, किस्से मात्र भरपूर साठतात.

*

आमच्या कबड्डी मंडळाचं मैदान म्हणजे चाळीमागचा मातीचा तुकडा. माती चाळायची, पाणी मारायचं, हे माझं काम. वनिता मुलांत खेळायला आली, तेव्हा अध्यक्ष दिगूशेठ म्हणाले, "नाना, पोरीला लागलं तर जबाबदार कोण?"

तिने पहिल्याच डावात त्यांच्या पुतण्याचा घोटा धरून त्याला आडवा केला.

"त्याला कालपासून ताप आहे," दिगूशेठ म्हणाले.

*

तिच्याकडे बूट नव्हते. मंडळाने ठराव केला, मातीवर बूट लागत नाहीत. पुढे स्पर्धा मॅटवर व्हायला लागल्या. मंडळाने पुन्हा ठराव केला, मॅटची गरज नाही. ठरावात आमचं मंडळ नेहमीच पहिलं.

*

तिची आई नाक्यावर घावणे विकायची. म्हणायची, "नानानु, माझा चेडू दिसभर लोकांचे पाय धरता. घरात कोणाच्या पाया पड म्हटला, तर नको."

*

वनिताची भारताच्या संघात निवड झाली. नाक्यावर बॅनर लागला. दिगूशेठ दरवाजाएवढे, वनिता पासपोर्ट साइज.

ती बॅनरखाली उभी राहिली. "शेठ, फोटो झकास आलाय. तुम्ही कुठल्या जागेवर खेळता?"

मागून कोणीतरी म्हणालं, "कायमचे राखीव."

स्पर्धेला जाताना ती शेठना सांगून गेली, "मला सत्कार नको. तेवढं मैदान सांभाळा. चाळीतल्या माझ्या पोरी तिथे कबड्डी शिकतायत."

*

ती मेडल घेऊन परत आली. शेठनी सत्कार ठेवलाच. चाळीतल्या तिच्या पोरी अनवाणी कडेला उभ्या होत्या.

"वनिताच्या शब्दाखातर," शेठ माइकवर म्हणाले, "मैदान कायमचं सांभाळलंय. आता धूळ नाही, चिखल नाही. सगळीकडे पेव्हर ब्लॉक. आणि मैदानाला नावही वनिताचंच."

टाळ्या झाल्या.

वनिता मंचावरून उतरली. चप्पल काढून तिने ब्लॉकवर तळवा टेकवून पाहिला. मग अंगावरची शाल माझ्या खांद्यावर ठेवली. मंचाखाली माझी माती चाळायची चाळण पडली होती, ती उचलली. एकदा पोरींकडे बघितलं आणि टेकडीवरच्या मोकळ्या मातीकडे चालू लागली.