भिंतीवरचा तेलाचा डाग

बायको जाऊन सहा महिने झाले. घराची दशा बघून काल लेकीने साफसफाईच्या कंपनीची माणसं पाठवली. निळ्या ड्रेसातल्या दोन बायका यंत्र घेऊन आल्या, आणि मी उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो. पाय एका जागी ठरेनात.

त्यांतली थोरली सुनीता बोलकी होती. "बाबा, आधी आम्ही नुसती ऑफिसं धुवायचो. आता घरांचीच कामं जास्त. पोरं लांब, म्हातारी माणसं एकटी. साहेब म्हणतात, यात लई वाव आहे."

वाव असणारच. बाई गेली की घर मळतं, आणि बाया काय, रोज कुठे ना कुठे जातातच. कुणाची चूल विझते, त्यावर कुणाची पेटते. त्यात सुनीताचा काय दोष?

मग ती स्वयंपाकघरातल्या भिंतीपाशी थांबली. तिथे आमची ही भाजी निवडायला बसायची, डोकं मागे टेकून. तिच्या केसांच्या तेलाचा काळपट गोल तिथे उठलाय.

"हा डाग पाच मिनिटांत काढते."

"हात लावायचा नाही!" मी ओरडलोच.

ती दचकली. "अहो बाबा, साफ केल्याचा फोटो पाठवावा लागतो. डाग दिसला तर साहेब मला झापतील."

तिलाही पोट आहे. मी भिंतीला पाठ लावून बसलो. आमची ही बुटकी होती, म्हणून जरा खाली घसरलो, तेव्हा कुठे तो गोल माझ्या डोक्यामागे झाकला गेला.

म्हटलं, "काढ आता फोटो."